हा डबा वाढवू नये

मी काय काम करते हे माझ्या आईला समजलेलं आहे, पण पटलेलं नाही. नांदुऱ्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळते, एवढं ती शेजारणींना सांगते आणि विषय बदलते. त्याला कारण मीच. एकदा ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा मी तिला सगळं समजावलं होतं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक मोठा सर्व्हर आहे, आणि त्या एकाच्या पोटात वेगवेगळे कॉम्प्युटर राहतात. एक केसपेपरचा, एक एक्स-रेचा, एक लॅबच्या रिपोर्टचा. ते चालतात, पण हाताला लागत नाहीत. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

"म्हंजे जे नाही, थेच तू सांभायते," आई म्हणाली. "अन् त्याचा पगार देतात तुले?"

मी म्हटलं, नुसती सांभाळत नाही, रोज त्यांची नक्कल काढून ठेवते. म्हणजे बॅकअप. सर्व्हर बसला तर त्या नक्कलेवरून सगळं पुन्हा उभं करता येतं. नसलेल्या वस्तूची नक्कल म्हटल्यावर आईने मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहून घेतलं. त्या दिवसापासून पगाराची बातमी ती जरा हळू आवाजात सांगते.

ही नक्कल जिथे साठते, त्याला आम्ही डबा म्हणतो. काळा, मिठाईच्या पुड्याएवढा, पुढे हिरवा दिवा. हा डबा सर्व्हरच्या खोलीत ठेवायचा नाही असा माझा हट्ट होता. आग लागली, पाणी शिरलं तर दोन्ही एकदम जातील. म्हणून तो अंगणापलीकडच्या औषधांच्या स्टोअरमध्ये ठेवला. तिथे लसींचा फ्रिज असल्यामुळे इन्व्हर्टर होता, कुलूप होतं, आणि स्टोअरचे काका होते.

काकांचं पूर्वी बाजारात कापडाचं दुकान होतं. ते बंद झाल्यावर दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्यांना स्टोअर सांभाळायला बोलावलं. पण काकांच्या मनातून दुकान काही गेलं नव्हतं. सलाइनच्या बाटल्या ते साड्यांसारख्या घडी-ओळीने लावत, नर्स काही मागायला आली की "काय दाखवू?" म्हणत. माझ्यावर त्यांचा जीव होता. मी विहारात लहान मुलांना रविवारी कॉम्प्युटर शिकवते हे कळल्यावर त्यांनी आपली नात पाठवून दिली, आणि तिच्यासोबत दर वेळी खारे दाणे.

आता पुण्याच्या कंपनीबद्दल. सर्व्हर त्यांनी बसवला, त्याच्या देखभालीचा करार त्यांच्याकडे. त्यांचा एक इंजिनिअर फोनवर भेटायचा आणि त्याच्या वर एक मॅनेजर होते. बॅकअप झाला की नाही, याचा निरोप रोज सकाळी त्यांना आणि मला दोघांनाही यायचा. डब्याचा मुख्य पासवर्ड मात्र फक्त त्यांच्याकडे. सुरक्षेसाठी, असं ते म्हणायचे. कोणापासून सुरक्षा, हे मी एकदा विचारलं तेव्हा इंजिनिअर हसला होता.

मी पहिल्यांदा त्यांना फोन केला होता तेव्हा सहज बोलून गेले, "सर्व्हर हळू चालून राह्यला, मले एकदा आतून पाहू द्या." मग मॅनेजर म्हणाले, "मॅडम, जरा नीट मराठीत सांगता का?" मी शेगावच्या कॉलेजात शिकले, परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले, आणि माझ्या मराठीला 'नीट हो' असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. पण नोकरी नवीन होती. मी 'मले'चं 'मला' केलं, 'राह्यला'चं 'राहिला' केलं, आणि पुढे त्यांच्याशी बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात इस्त्री करून घेत असे. त्याचा राग मला तेव्हाही होता. आजही आहे.

तर त्या वर्षी माझ्या बहिणीचं बाळंतपण होतं. मी देऊळगाव राजाला तिच्या सासरी आठवडाभर जाऊन राहिले. परत आले तर रोज सकाळी एकच निरोप. बॅकअप अयशस्वी, साठवणुकीचं ठिकाण सापडलं नाही.

ठिकाण सापडलं नाही म्हणजे डबा दिसत नाही. मी अंगण ओलांडून गेले. डबा जागेवर, दिवा हिरवा, काका स्टुलावर. माझ्या टेबलावरून हाक मारली, म्हणजे नेटवर्कवरून, तर डबा लगेच ओ देत होता. मी हाताने बॅकअप सुरू केला, झाला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच निरोप. रोजची वेळ रात्री आठची होती, ओपीडी संपल्यावर, आणि तेव्हाच नेमका डबा गायब.

मग मी काय काय केलं ते सांगते, कारण नंतर मला निष्काळजी म्हटलं गेलं. अंगणावरून जाणारी नेटवर्कची वायर पूर्ण बदलली, शिडीवर चढून, स्वतः. नेटवर्कच्या वायरी जोडणारा मधला स्विच बदलला. आठ वाजता दुसरं काही काम आड येतं का ते पाहिलं. अँटिव्हायरस तपासला. व्हर्च्युअल मशीनच्या जुन्या अर्धवट प्रती अडकून पडल्यात का ते पाहिलं. लाइट जाते का म्हणून वायरमनला विचारलं, तर तो म्हणाला, इन्व्हर्टर ठणठणीत आहे, उलट तुमच्याच खोलीचं अर्थिंग पाहा. तेही पाहिलं. शेवटी बॅकअपची वेळच बदलून दुपारची केली. नक्कल सुरळीत निघाली. म्हणजे मशीन चांगली, डबा चांगला, वायर चांगली, फक्त रात्र वाईट.

वेळ बदलल्याचं पुण्याला दिसलं आणि ते भडकले. परवानगीशिवाय बदल केला म्हणून त्यांनी वेळ पुन्हा आठची करून ठेवली. दुपारी बॅकअप चालला की दवाखान्याचं काम हळू होतं, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्यांनी त्यापुढे जाऊन डॉक्टरांना कळवलं की आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे, आम्ही दिवसभर तपासतो तेव्हा डबा दिसतो, तुमच्या इंजिनिअर संध्याकाळी निघताना काहीतरी हलवतात. स्थानिक निष्काळजीपणा, असा त्यांचा शब्द. आणि त्यावर त्यांचा उपायही तयार होता. तिथे माणूस ठेवायचीच गरज नाही, सगळं पुण्याहून पाहू.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ट्रस्टचा कारभार तेच पाहतात. माणूस चांगला, पण दिवसभर पेशंट पाहून वाद घालायची ताकद उरत नाही त्यांच्यात.

"बेटा, सोमवारी संध्याकाळी त्यांच्यासोबत व्हिडिओवर मीटिंग आहे," ते म्हणाले. "चूक झाली म्हण अन् मोकळी हो. ते दुरुस्त करून देतील."

"आणि माझं काम?"

त्यांनी चष्मा पुसला. "पुढच्या महिन्यापासून ते तिकडूनच पाहतो म्हणतात. तुले आपण चांगलं सर्टिफिकेट देऊ."

"जे मी केलं नाही, थे मी केलं म्हननार नाही," मी म्हणाले. "सर्टिफिकेट नाही देलं तरी चालते."

मी डॉक्टरांशी अशी कधी बोलले नव्हते. माझ्या घरात माझ्याआधी कोणी खुर्चीवर बसून काम केलं नव्हतं, आणि जे माझ्या घरच्यांना आयुष्यभर ऐकवलं गेलं, की काही बिघडलं तर ते तुमच्यामुळेच, तेच मी आता खुर्चीवर बसून ऐकायचं होतं. ते मला मान्य नव्हतं. नोकरी जायचीच असेल तर जाऊ दे, पण कारण खरं पाहिजे.

त्या दिवशी मी सुटीच्या वेळेला घरी गेले नाही. पिशवी घेऊन स्टोअरमध्ये जाऊन बसले आणि डब्याच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिले. काकांनी दाणे दिले. अंगणात अजून ऊन होतं. सहा वाजले, साडेसहा वाजले. दिवा चालू. काकांनी रजिस्टर मिटलं, हात धुतले, कोपऱ्यातल्या फोटोला उदबत्ती लावली.

"चाल पोरी, ऊठ आता," ते म्हणाले. "दुकान वाढवतो."

स्टोअरला ते दुकानच म्हणायचे, आणि दुकान बंद करतो असं दुकानदार माणूस कधी म्हणत नाही. बंद हा शब्द अशुभ, म्हणून दुकान वाढवायचं. हे आम्हाला सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. मी उठले. काकांनी खिडकी लावली, पंखा बंद केला, फ्रिजकडे एकदा पाहून तो तसाच ठेवला, मग भिंतीशी वाकून एक बटन दाबलं. हिरवा दिवा गेला.

"काका, हे काऊन बंद केलं?"

"बंद नाही केलं, वाढवलं," ते म्हणाले, मलाच समजावत. "तू बहिनीकडून आली ना, त्याच्या आदल्या दिवशी पुन्याच्या साहेबाचा फोन आल्ता. म्हने काका, तुमच्याकडचं थे स्टोरेज आता वाढवा लागते. मी म्हन्लं, हाव, वाढवतो ना. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, वाढवलं का? म्हन्लं, वाढवलं. लय खूश झाला थो. तवापासून रोज दुकानासंगंच वाढवतो. सकायी आल्या आल्या पहिले थोच डबा चालू करतो."

डबा भरत आला होता, हे मला आता आठवलं. जागा कमी पडते अशी सूचना मी रजेवर जायच्या आधी येत होती. पुण्याच्या इंजिनिअरने सांगितलं, स्टोरेज वाढवा, म्हणजे त्यात आणखी जागा करा, आणि काकांनी ऐकलं, स्टोरेज वाढवा, म्हणजे मिटवा. दोघेही मराठीत बोलले. दोघेही आपापल्या जागी बरोबर. आणि गंमत अशी की त्या दिवसापासून जागा कमी पडते ही सूचनाही थांबली, कारण रात्रीची रोजची नक्कल येतच नव्हती. पुण्याला वाटलं, डबा मोठा झाला. त्यांनी तक्रार निकालात काढली आणि पुढचं बिघडलं ते माझ्या नावावर टाकलं.

खरं सांगते, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. चूक माझी नव्हती, आणि ते दाखवायला आता माझ्याकडे माणूस होता. तोच माणूस समोर किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभा होता.

"माह्याकडून काही चुकलं का बेटा?" काका म्हणाले.

"नाही काका," मी म्हणाले. "तुमाले जे सांगतलं, थेच केलं तुम्ही. सोमवारी बी असंच वाढवजा. अन् मंग किल्ल्या द्यायला याल, तवा जरा थांबजा."

रोज संध्याकाळी स्टोअरच्या किल्ल्या डॉक्टरांच्या हातात द्यायच्या, अशी आमच्याकडे पद्धत आहे. दरम्यानच्या दिवसांत मी हातानेच भर दुपारी नक्कल काढत राहिले, परवानगी न घेता. मला कामावरून काढायचंच असेल, तर त्यासाठीही काढा, म्हटलं मनात.

सोमवारी डॉक्टरांच्या केबिनमध्ये टेबलावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर मॅनेजर आणि इंजिनिअर शेजारी शेजारी बसलेले, मागे काचेची भिंत. मॅनेजरनी सुरुवात गोड आवाजात केली. कोणाला दोष द्यायचा नाही, म्हणाले, फक्त मॅडमनी निष्काळजीपणा मान्य केला की आपल्याला पुढे जाता येईल.

"आधी मले एक सांगा," मी म्हणाले. "आत्ता तुमाले डबा दिसून राह्यला का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पडद्यावरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाक्याला इस्त्री करता आली असती, पण त्या दिवशी मी करणार नव्हते.

"दिसतोय," इंजिनिअर म्हणाला. "ग्रीन आहे."

"पाहत राहा. मी खुर्चीवरून उठत नाही, माहे दोन्ही हात टेबलावर आहेत."

आम्ही बसून राहिलो. मॅनेजर म्हणाले, याचा काय उपयोग. डॉक्टर म्हणाले, पाहू तर खरं. बाहेर कोणाचं तरी बाळ रडत होतं, कंपाउंडर नंबर पुकारत होता. मग इंजिनिअर पुढे झुकला.

"सर, गेला. ऑफलाइन दाखवतोय."

तेवढ्यात काका किल्ल्या घेऊन आत आले. डॉक्टरांच्या हातात किल्ल्या दिल्या, आणि मी सांगितलं होतं म्हणून दाराशी थांबले. मी विचारलं, काका, आत्ता काय केलं? "काय करनार? दुकान वाढवलं, डबा वाढवला, अन् आलो," काका म्हणाले. डॉक्टरांच्या कपाळाची आठी हळूहळू गेली. त्यांना समजलं. पुण्याला समजायला जरा वेळ लागला, म्हणून मी फोनची सगळी हकीकत सांगितली.

मॅनेजरही हुशार माणूस. त्यांनी लगेच माझी बाजू घेतली. "म्हणजे मॅडम, तुमची चूक नव्हतीच. आम्ही तसं कळवतो. ही स्टोअरकीपरची चूक आहे. ह्यूमन एरर. त्यांना त्या खोलीतून हलवा, विषय संपला."

काकांना इंग्रजी शब्द कळले नसतील, पण आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कळलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. त्या टोपीकडे पाहून माझं डोकं फिरलं.

"त्याइची चूक नाही," मी म्हणाले. "तुम्ही वाढवा म्हन्लं, त्याइनं वाढवलं. रोज, न चुकता. तुमच्या मानसानं फोनवर 'वाढवलं' ऐकलं अन् तक्रार बंद केली. किती वाढलं, कशानं वाढलं, एकदा डबा उघडून पाह्यलं का? पासवर्ड तर तुमच्याचपाशी होता."

"पण वाढवणे याचा सरळ अर्थ..." मॅनेजर म्हणाले.

"तुमच्या पुन्यात नारळ वाढवतात ना? तवा एका नारळाचे दोन होतात काय?"

डॉक्टर खोकला आल्यासारखं करून हसले. पडद्यावर इंजिनिअरने मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते. मॅनेजर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, मुद्दा भाषेचा नाही, प्रक्रियेचा आहे, आणि अशा कामाला पुण्याहून एकाच ठिकाणाहून नियंत्रण असणं केव्हाही चांगलं.

"एकाच ठिकानाहून पाह्यलं म्हनूनच तर हे झालं," मी म्हणाले. "तुमाले तिथून डबा दिसते. बटनावरचा हात दिसत नाही. मी इथं होती म्हनून दिसला. अन् मी निष्काळजी नाही, काका बी नाहीत. तुमच्या कागदावर दोन्ही ठिकानी तसं लिहा. नाही लिहिलं तर मी पगारावर सही करनार नाही, पन घरी बी जानार नाही."

पगारावर सही न करण्याचा या सगळ्याशी काय संबंध होता, हे मला आजही सांगता येत नाही. रागात निघून गेलं. पण डॉक्टरांनी तेवढ्यात काकांना बसायला खुर्ची ओढून दिली आणि पडद्याकडे वळून म्हणाले, "लिहून टाका साहेब, जसं बाई म्हणतात तसं. अन् पासवर्ड त्याइच्याकडं द्या. इथलं काम इथंच राहीन." मला ते बेटा म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा बाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी केसपेपरचं मशीन नक्कलेवरून वेगळ्या जागी उभं करून पाहिलं. नुसता बॅकअप झाला म्हणून भागत नाही, परत उभं राहिलं पाहिजे. उभं राहिलं. काकांना दाखवलं, तर त्यांनी आपल्या नातीचं नाव शोधायला लावलं आणि तिच्या तापाचा जुना केसपेपर निघाला तेव्हा हात जोडले. मग मी डब्यात खरोखरच नवीन डिस्क घालून जागा केली. काका विचारत होते, हे काय करून राह्यली? मी म्हटलं, वाढवून राह्यली. ते बटनाकडे धावले.

म्हणून मी त्या बटनाच्या वर भिंतीवर पाटी लावली. पुठ्ठ्यावर, मार्करने, मोठ्या अक्षरात. हा डबा वाढवू नये.

काही महिन्यांनी पुण्याहून तेच मॅनेजर तपासणीला आले. पडद्यावर दिसतात त्यापेक्षा बुटके, आणि वागायला बरे. लोणारचं सरोवर बघून आले होते, बुटांना माती होती. स्टोअरमध्ये त्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि खिशातून पेन काढलं.

"मॅडम, हे 'बंद करू नये' असं हवं. बाहेरून कोणी आलं तर चुकीचा अर्थ लागेल."

"ज्याइच्यासाठी लिहिलं, त्याइले बरोबर लागते," मी म्हणाले. काका स्टुलावर बसून दाणे सोलत होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

मॅनेजरनी पेन पुन्हा खिशात ठेवलं. मग म्हणाले, आणि पुन्हा डबा भरला, खरोखरच वाढवायची वेळ आली, तर आम्ही फोनवर काय म्हणायचं?

"काही म्हनू नका," मी म्हणाले. "मले फोन लावजा. मी इथंच आहे."